न बघता उलटलेलं धिरडं

ताटलीत धिरडी साचतात ना, तसे आमच्या घरचे किस्से साचले आहेत. खालचं संपत नाही तोवर वरून दुसरं पडतं. मी शाळेत बसलो नाही, म्हणून सगळं डोक्यातच रचत गेलो. त्यातले हे थोडे सांगतो. सगळे एकाच चुलीवरचे, नाचणगावातले, माझ्या थोरल्या वहिनीच्या हातचे.

भाऊ लवकर गेला. घरात वहिनी, तिचा मुलगा वसंता, सून शांता आणि मी, बिनलग्नाचा दीर. आणीबाणी उठल्यानंतरची ती चार-पाच वर्षं. सकाळी वावरात जायच्या आधी रोज धिरडी. ज्वारीचं पीठ, मूठभर बेसन, मिरची, जिरं, हिवाळ्यात मेथी. चुलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, आणि तव्याला तेल लावायला वांग्याचं देठ.

वहिनी तव्याकडे बघत नसे. पीठ पडलं की चर्र व्हायचं, मग तो आवाज बारीक बारीक होत जायचा. थांबायच्या बेताला आला की उलटणं आत. मान दाराकडे, बोलणं आमच्याशी, आणि धिरडं अख्खं उलटलेलं, जाळीदार! लोक मुद्दाम बघायला यायचे.

*

शेजारी गुलाबसेठचं किराणा दुकान होतं. त्याला सगळं मोजून घ्यायची सवय. तो म्हणायचा, बाईमाणूस अंदाजानं करते, एकसारखं होणं शक्यच नाही. एके सकाळी तो तराजू घेऊनच आला. एका पारड्यात एक धिरडं, दुसऱ्यात दुसरं. दांडी जरा हलली आणि सरळ झाली. त्यानं जोडी बदलून पाहिली. पुन्हा सरळ.

सेठनं तराजू बाजूला ठेवला. चारही धिरडी तिथेच बसून खाल्ली.

वहिनी म्हणाली, "सेठजी, आता तराजू धुऊन नेजा. पारड्याले तेल लागलं."

*

आता खरं सांगतो. एक दिवस मी जेवायची ताटली नेहमीच्या जागेवरून उचलून वीतभर बाजूला ठेवली, उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती म्हणून. वहिनीनं उलटण्यावर धिरडं आणलं आणि बरोबर नेहमीच्या जागी टाकलं. खाली. सारवलेल्या भुईवर.

मी ते उचललं, फुंकलं, ताटलीत घेतलं. वसंता तेव्हा बैल सोडायला गेला होता, शांता पाण्याला.

"कवापासून?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाले. उजेड दिसते, मानूस दिसते. तव्यावरचं नाई दिसत." मग म्हणाली, "भाऊजी, वसंताले सांगू नोका. थो मले चुलीपासून उठवन. इथून उठली त मी बसू कोठी?"

मी ताटली जुन्या जागी सरकवली. ऊन सोसलं.

*

वसंता आईवर जीव टाकणारा. आईच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून त्यानं पुलगावहून पंपाचा स्टोव्ह आणला. सगळे कौतुकानं बसलो. वहिनीनं पीठ ओतलं. स्टोव्ह असा फरफरत होता की शेजारच्याला हाक ऐकू जाऊ नये. चर्र कुठलं आणि बारीक कुठलं!

पहिलं धिरडं करपलं. दुसरं करपलं. तिसऱ्याला वसंता आईच्या तोंडाकडे बघायला लागला.

"आई, तुले दिसून नाई राह्यलं का?"

वहिनी उलटण्यानं करपलेलं खरवडत राहिली. मी आयुष्यात खोटं फार कमी बोललो, आणि सावकाश बोलणाऱ्याचं खोटं पकडलंही जातं. पण त्या दिवशी चटकन बोललो. करपल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणालो, याले त राकेलचा वास येते बाबा, घास उतरत नाई. हा स्टो गोठ्यात ने, म्हशीची सरकी-ढेप शिजवाले बरा हाय.

स्टोव्ह गोठ्यात गेला. आमच्या म्हशीएवढा थाट गावातल्या कोणत्याच म्हशीनं पाहिला नसेल.

*

पुढं शांता आठवड्यासाठी माहेरी, हिंगणीला गेली. मला वाटलं, बरं झालं, एक डोळा कमी. पण पहिल्याच सकाळी वहिनीचा हात तेलाच्या वाटीऐवजी तिखटात गेला. दुसऱ्या दिवशी पिठाचं पातेलं, आमच्याकडे गंज म्हणतात ते, कलंडलं. उलटणं तर सापडेचना. वाटी, गंज, उलटणं मीच हाताशी दिलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रोज सकाळी या वस्तू कोणीतरी मांडून ठेवत होतं.

मग मी भुईकडे नीट पाहिलं. चुलीपुढे, ताटल्या ठेवतो तिथे, मातीचा बोटभर उंच कंगोरा होता. सारवताना हातानं ओढलेला, आणि सारवायची शांता. ताटली त्याला टेकली की इकडची तिकडे होत नसे. मी रोज तिथे जेवत होतो, आणि मला वाटायचं की भुई उंचसखल आहे.

शांता परत आल्यावर मी विहिरीपाशी हळूच विचारलं. ती बादली ओढता ओढता थांबली.

"काकाजी, तुमाले आता समजलं? मी आली त्याच महिन्यात समजलं मले."

वसंताला का सांगितलं नाहीस, म्हटलं.

"यायले सांगतलं त हे आईले उठवतीन. मंग आई बसतीन कोठी?"

सासूचंच वाक्य. या दोघी त्याबद्दल एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या!

*

मी वहिनीला सांगितलं, शांताला डोळ्यांचं ठाऊक आहे. मांडामांडीचं आणि कंगोऱ्याचं मात्र बोललो नाही. वहिनीनं ऐकलं आणि आणखी दोन धिरडी घातली. दोन्ही चांगली झाली. मग म्हणाली, "वसंताले सांगा, डाक्टरकडं नेजो म्हनावं. मी उठली तरी शांता माही जागा राखन."

दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू पिकलेले होते. आधी एक काढला. डोळ्यावर पट्टी, महिनाभर धुराजवळ जायचं नाही. चूल शांताकडे आली. पोरगी बाकी सगळ्यात हुशार, पण धिरड्याला घाई करायची. कच्चं असतानाच उलटायची. रोज सकाळी तव्यावर चिंध्या. आम्ही मुकाट्यानं खात होतो.

चौथ्या दिवशी पीठ पडलं, शांतानं उलटणं उचललं, आणि आतल्या खोलीतून, बाजेवरून, वहिनीचा आवाज आला.

"थांब."

शांता थांबली. आम्हीही घास धरून थांबलो.

"आता उलट."

अख्खं उलटलं. भिंतीपलीकडून, डोळ्याला पट्टी बांधून! त्यानंतर महिनाभर आम्ही चांगली धिरडी खाल्ली. तवा शांतापुढे होता आणि स्वैपाक बाजेवरून चालला होता.

*

मग जाड भिंगाचा चष्मा आला. पहिल्या सकाळी शांतानं पाट मांडला, तेलाची वाटी उजवीकडे, गंज डावीकडे, उलटण्याची मूठ सासूच्या बाजूला, आणि स्वतः मागे सरकून उभी राहिली. वसंता बसला, मी बसलो, गुलाबसेठही तराजू न घेता आला.

वहिनीनं चष्म्यातून तव्याकडे पाहत पीठ ओतलं. कडेला रंग बदललेला पाहिला, उलटणं घातलं. फाटलं. दुसऱ्याला बघत बसली, ते करपलं. वसंता खाली बघत होता.

वहिनीनं उलटणं ठेवायला हात खाली नेला आणि तिची नजर भुईवर गेली. त्या मातीच्या कंगोऱ्यावर. तिनं वाकून तो पाहिला. त्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तेलाची वाटी पाहिली. मग गंज. मग मान वळवून शांताकडे पाहिलं, बराच वेळ.

तिनं चष्मा काढला, पदराच्या टोकात बांधला. पाटावर अर्धी सरकली.

"ये, बस इथं," ती म्हणाली. उलटणं शांताच्या हातात दिलं आणि तव्यावर पीठ ओतलं.

"डोये मीट. आता आयक."