शनिवारच्या आत घरी

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन जालन्यात झालं. दवाखान्यात त्यांच्यापाशी बसायला मी, कारण ऑफिसातून रजा मलाच मिळाली. सासरे हसनाबादकडचे, जन्मभर मेंढरांमागे फिरलेले. पायात काटा मोडला तरी कोणाला सांगणार नाहीत. त्यात मी सून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याशी बोलायचे ते भिंतीकडे बघून. "चहा झाला असंल तर बघा," असं भिंतीला सांगायचे आणि चहा मी न्यायची.

शुक्रवारी सकाळी त्यांची लघवीची नळी काढली. डॉक्टरांनी बजावलं, आपोआप लघवी झाल्याशिवाय सोडणार नाही. ऑपरेशननंतर कधी कधी ती अडते, आणि गावाकडे अडली तर फार हाल होतील. सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात मात्र एकच होतं, उद्या शनिवार. शनिवारी दवाखान्यातून घरी आलेला माणूस पुन्हा दवाखान्यात जातो, याबद्दल माझ्या सासरी कोणाचं दुमत नाही. नवरा गाडी आणायला गेलासुद्धा होता.

दुपारी सिस्टर आली आणि दारातूनच मोठ्यानं म्हणाली, "बाबा, लघवी झाली का?" मी त्यांच्या उशाशीच उभी.

"झाली की."

"काही त्रास?"

"बिलकुल न्हाई. सगळं बराबर हाये. जल्दी सोडा."

ती बरं म्हणून निघाली. पण सकाळपासून मी जागची हलले नव्हते आणि सासरे खाटेवरून उठलेच नव्हते. कपाळावर घाम, एक हात ओटीपोटावर, समोर चहा गार झालेला. चहाला नाही म्हणणारे सासरे मी कधी पाहिलेच नव्हते. भीती वाटली आणि संतापही आला. हे हट्टापायी जीव धोक्यात घालणार, आणि बोल मला लागणार, हिनं तिथं बसून काय बघितलं म्हणून! पण विचारू कसं? सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं?

खाली हॉर्न वाजला. नवरा गाडी घेऊन आला होता.

मी धावत जाऊन सिस्टरला गाठलं. "झालेली नाहीये. माझ्यासमोर ते सांगायचे नाहीत. मी बाहेर थांबते, तुम्ही पडदा ओढून हळू विचारा. आणि त्यांना शनिवारी घरी जायचं नाहीये, तेही बोलून घ्या."

ती आत गेली. पडद्याआड कुजबुज सुरू झाली. नवरा जिना चढून वर आला, त्याला मी हातानंच थांबवलं. शेवटी सासऱ्यांचा रडवेला आवाज आला. "न्हाई झाली, बाई. लई दुखून राह्यलं. पण शनिवारी नगं."

नळी पुन्हा घातली. वेळेत कळलं, डॉक्टर म्हणाले. शनिवार दवाखान्यातच गेला, सासरे भिंतीकडे तोंड करून आणि नवरा माझ्यावर फुगून.

रविवारी नळी काढली, लघवी झाली. सोडताना सिस्टरनं पडदा ओढला, पण या वेळी मला आतच ठेवलं. "बाबा, घरी पुन्हा अडली तर कोणाला सांगाल?"

"पोराला."

"ते उद्या कामावर जाणार. मंग?"

सासरे भिंतीकडे वळले. माझी रजा वाढवून मी त्यांच्याबरोबर गावी गेले, पण सबंध रस्ताभर धास्ती होती, आता अडली तर हे मला सांगणार का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भेटायला आलेल्यांची गर्दी होती. सासरे उठून घरामागं गेले. मी तांदूळ निवडायचं सोंग करत होते, सगळं लक्ष तिकडं. बराच वेळ गेला. मग ते आले, सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि थेट माझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, झाली बरं का!"

अंगणभर खसखस पिकली. मला मात्र रडू फुटलं, आणि मी चहा ठेवायला आत पळाले.