बारशाआधीच्या मरणाची चौकशी

माझ्या पोराला काय झाले होते, ते मला तो गेल्यावर सव्वा महिन्याने कळले. साताऱ्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी आमच्या चावडीच्या ओट्यावर बसून एका छापील कागदावर लिहिले आणि मला वाचून दाखवले, "टिटॅनस निओनेटोरम." म्हणजे तान्ह्या बाळाचा धनुर्वात. नाळेच्या जखमेतून घाण शिरते, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखे ताठते.

तोवर पाटलांच्या दप्तरात नोंद होती, 'ताप'. आमच्या गावात बारशाआधी जे पोर जाई ते तापानेच जाई. एवढा ताप एका गावाला येतो कसा, हे विचारायलाच बाई आल्या होत्या.

मी कोण तेही सांगतो, म्हणजे माझे किती खरे धरायचे ते तुम्हाला ठरवता येईल. मी गणपा, आमचे गाव उंब्रजहून दोन कोसांवर. मी फौजेत खेचरांच्या पलटणीत होतो. ब्रह्मदेशात माझ्या खेचराने तोफ, तोफेचा गोरा साहेब आणि साहेबाची अंघोळीची परात एका खेपेत नदीपार नेली होती. नदी कृष्णेच्या सातपट. ऐकणारा नवा असला तर दहापट.

पलटणीतून मी एक चाकू आणला होता. एका बाजूला पाते, दुसऱ्या बाजूला खुरातले खडे उकरायचा काटा. त्याने मी वाघ सोलला होता, असे गावाला ठाऊक होते. खरे म्हणजे मी त्याने बैलांचे खूर साफ करीत असे. हौसा, माझी बायको, बाळंत झाली त्या सकाळीही केले होते.

सुईण बयाक्का विळा चुलीत तापवत होती. मी दारातून चाकू आत सरकवला.

"आक्का, शिपायाचं पोर हाय. फौजेच्या पात्यानं नाळ तोडा."

"आरं, माझा इळा तापतोय की."

"इळा गवताला! ह्यो विलायती हाय."

बयाक्का हसली आणि तिने चाकू घेतला. तो मी धोतराला पुसून दिला होता. तेवढीच काय ती स्वच्छता.

मुलगा झाला. सहा शेरांचा, असे मी वेशीपर्यंत ओरडत गेलो. पाचवी पुजली. सातव्या सकाळी त्याने दूध ओढले नाही. हौसाने करंगळी घातली, तर तोंड उघडेना. भांडे वाजले तरी अंग ताठ होई. नवव्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, तो गेला.

हौसा तासगावकडे माहेरी गेली ती परतायचे नाव घेईना. मी घरात एकटा. स्वतःलाच पलटणीच्या गोष्टी सांगून पाहिल्या. जमेना. आपली थाप आपल्यालाच सांगता येत नाही हो.

आणि मग ती चौकशी. बाईंनी एकेक विचारले. दूध कधी सोडले, अंग कधी ताठले, नाळेला काय लावले. शेवटी, "नाळ कशानं कापली?"

सगळी चावडी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "इळ्यानं. आक्काच्या." त्यावर थांबलो असतो तर तो मी कसला! विळ्यावर एवढा गंज होता की बाभळीला लागला तर बाभूळ वाळेल, असेही सांगितले.

बयाक्का खांबापाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "मग आजी, आता तुम्ही बाळंतपणं बंद करा."

"करते की," म्हणत ती उठली.

मग बाईंनी आजार वाचून दाखवला आणि समजावले. ही घाण जनावरांच्या शेणात, खुरात असते. म्हणूनच फौजेत खेचरांकडच्या माणसांना आधी सुई टोचतात.

"आमच्या गणपाला टोचलीया की! पहारंएवढी!" कोणीतरी ओरडले. चावडी हसली. सुईची ती गोष्ट माझीच होती. धनुर्वाताची सुई माझ्या दंडात होती, आणि चाकू माझ्या कमरेला.

बाईंचा टांगा गेला. मी उंब्रजपर्यंत चालत गेलो आणि त्यांना मुक्कामाच्या जागी गाठून सगळे सांगितले. त्यांनी 'विळा' खोडून 'चाकू' लिहिले.

"आधी का नाही सांगितलंत?"

मी कमरेचा चाकू काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "या कागदावर गुन्हेगाराचा रकाना नाही. पुढचं बाळ वाचावं म्हणून आम्ही विचारतो. आता हेच चावडीवर सांगा."

दुसऱ्या दिवशी सांगितले. लोक सरसावून बसले. माझे बोलणे संपले तरी बसूनच होते.

"मग फुडं? वाघ कवा येतोय?"

"वाघ न्हाई," मी म्हणालो. ते आणखीच हसले. एवढ्या माणसांत इतका एकटा मी लढाईतही नव्हतो. हे मात्र वाढवून सांगत नाही.

फक्त बयाक्का हसली नाही. "हौसाला सांगितलंस का?" तिने विचारले.

तासगावला गेलो. हौसा जात्याशी बसली होती. सांगितले. तिने दळण थांबवले नाही.

"मला ठावं हाय. मी बघत हुते की. तुमी कवा सांगताय, त्येची वाट बघत हुते."

ती लगेच आली नाही. सुगी उरकल्यावर आली.

दुसऱ्या खेपेला बयाक्काच होती. बाईंनी तिला पुन्हा बोलावून शिकवले होते. नवे पाते आणि दोरा तिने भांडेभर पाण्यात उकळला. पाणी खळखळेस्तोवर मी चुलीसमोर बसून होतो. नाळेला शेण नाही, राख नाही, काही नाही. तुमच्या घरी बाळंतपण असेल तर एवढे करा. आणि कोणी कागद घेऊन विचारायला आले तर पहिल्यांदाच खरे सांगा. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि बयाक्काचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

मुलगी झाली. सातवा दिवस गेला, नववा गेला. बारशाला सगळे गाव जमले. एकाने डोळा मारून विचारले, "काय गणपा, किती शेराची?"

सगळे वाट बघत होते. हौसाही.

"वजन केलं न्हाई," मी म्हणालो. "दूध पितीया."