पातळ साय

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून चहा शेजारून जातो. आज तो मी नेला. कुणी कपाला हात लावेना. बघता बघता चहावर साय धरली, फुंकरीनेही फाटेल इतकी पातळ.

माधवरावांच्या हृदयाच्या नळीत असंच झालं, असं त्यांचा डॉक्टर भाचा सांगत होता. "मामांची चरबीची गाठ लहानच होती, पण वरचं आवरण पातळ. ते फाटलं, आतली चरबी रक्ताला लागली आणि तिथेच गुठळी झाली." मग तो माधवरावांच्या थोरल्या भावाकडे वळला. "अण्णामामा, तुमच्या गाठी मोठ्या आहेत, पण वरून जाड, घट्ट. त्या सहसा फुटत नाहीत."

माधवराव रोज फिरायला जायचे. सुमनवहिनी नवऱ्याच्या दुधावरची साय काढून घ्यायच्या आणि तिचं तूप दिरांच्या, अण्णांच्या, भातावर पडायचं. पथ्याचं पुण्य कुठे जमा होतं, देव जाणे. नळीला जाडी तेवढी कळते.

अण्णांनी माधवरावांच्या फोटोपुढचा कप उचलला, साय बोटाने ओढून तोंडात टाकली आणि म्हणाले, "साखर कमी पडलीय."

सुमनवहिनी सवयीने डबा आणायला उठल्या.