हलिना मॅडमच्या डब्यातली माती

आमची खुदेजा, माझी धाकटी जाऊ, एक मिनिट स्वस्थ बसेल तर शप्पथ! इथे आखातात, कुरुमच्या बड्या वस्तीत, एका पोलंडच्या इंजिनिअरच्या घरी ती त्याच्या म्हाताऱ्या आईला, हलिना मॅडमना, सांभाळायला जाते. मॅडम हॉस्पिटलात होत्या तेव्हा हिनं त्यांची खोली आवरायला काढली. खिडकीत चहाचा जुना डबा, आत काळीभोर माती. इकडे आम्ही राहतो त्या वादी अदाईत नुसते खडे. रत्नागिरीहून आणलेला हिचा कढीपत्ता दोनदा सुकलेला. हिला वाटलं, मेलेल्या झाडाची माती उरलीय. पिशवीत भरून घरी आणली, कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली, डबा घासून जागेवर ठेवला. आमच्याकडची कुठलीही बाई हेच करील, मीसुद्धा!

मॅडम घरी आल्या आणि आधी डबा मागितला. खुदेजा डबा घेऊन बाहेर पळाली. कशीबशी नर्सरीतली माती भरून दिली. मॅडमनी डबा छातीशी धरला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपलं गाव सांगितलं. नाव घ्यायला माझी जीभ काही वळत नाही. पुढे नदी, बाजूला दलदल, मागे पांढऱ्या खोडांचं रान, मधे थोडीशी घरं. लढाईत आधी पूर्वेकडून रशियन आले, मग पश्चिमेकडून जर्मन. जर्मनांनी गावच पेटवलं. लहानग्या हलिना मॅडम आईबरोबर नदीकाठच्या गवतात लपल्या. पळताना आईनं अंगणातली रुमालभर माती बांधून घेतली, तीच ही. आता तिथे नुसतं रान आहे. ‘मी गेले की ही माझ्यावर घाल,’ मॅडम म्हणाल्या.

या अल्ला! मॅडम रोज डबा हुंगायच्या. ‘वास येत नाही गं. मी माझं गाव विसरले वाटतं.’ आणि ही आपली डब्यावरची धूळ पुसत बसायची!

मी ओरडलेच, “अगं, सांगून मोकळी हो एकदाची!”

“कुठल्या तोंडानं सांगू, भाभी?”

शेवटी हिनं कढीपत्ता उपटला. काय सुंदर फुटला होता! मुळांची माती झटकून झटकून पिशवीत भरली आणि कुरुमला जाऊन डब्यातल्या मातीशी गुपचूप बदलली. मला वाटलं, खलास, सुटली बिचारी.

संध्याकाळी आली ती माझ्या स्वयंपाकघरात फतकल मारून रडायलाच बसली. “हुंगलं त्यांनी, भाभी. डोळे मिटून हसल्या. म्हणाल्या, हाच, हाच माझ्या गावाचा वास!”

“मग रडतेस कशाला, बये? खूश झाल्या ना?”

खुदेजानं ती माती भरलेला आपला हात माझ्या नाकाशी धरला. नुसत्या कढीपत्त्याचा वास येत होता.