मामींकडे मुक्कामाला गेलेले बैल

मामींच्या तुळशीला पाणी घालून फाटक लावत होते, तेव्हा मद्रासहून तार आली. उपचारासाठी मुलाकडे जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “तुळस वाळली त मी तुमच्याशी बोलणार नाही.” तुळस टवटवीत आहे. तरी मामींनी बोलणं टाकलं…

विशालाक्षी मामी आणि मामा साठच्या दशकात बदली होऊन धरमपेठेत आमच्या शेजारी आले. पहिल्याच वर्षीचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं सजवलेले लाकडी बैल घरोघर नेतात. घरची बाई बैलाची पूजा करते, मुलाला खाऊ देते आणि मूल बैल घेऊन पुढच्या दारी जातं. मामींनी माझ्या सुधीरच्या बैलाला कुंकू लावलं, सुधीरच्या हातात सुंडलची, म्हणजे खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीची, वाटी दिली, बैल उचलून आत नेला आणि हसून दार लावलं. मागून आलेल्या पोरांचंही तेच झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीतली सगळी जनावरं मामींच्या घरात आणि पोरं रस्त्यावर भोकाड पसरून.

सुधीरचा बैल माझ्या वडिलांनी स्वतः सागवानातून कोरलेला होता आणि वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते. त्यांच्या हातची तेवढीच वस्तू माझ्याकडे उरलेली. मी पदर खोचून भांडायलाच निघाले. बघते तर सगळे बैल पाटावर ओळीने बसलेले आणि मामी डोळे पुसत उभ्या. त्यांच्याकडे नवरात्रात पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि त्यासाठी आप्तेष्ट एखादी बाहुली भेट देतात. “मद्रास में भी इतना प्यार नहीं मिला,” त्या म्हणाल्या. आता हिला कोणत्या तोंडाने म्हणायचं, बैल दे? मी सुंडल खाऊन परत आले.

खरा प्रकार कळल्यावर मामी दोन दिवस लाजून बाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बैल परत द्यायला निघाल्या तर पोरंच घेईनात. बैल तिथे म्हणजे बघायला जायचं निमित्त, आणि गेलं की सुंडल! मग बैल नवरात्रात कृष्णाशेजारी पायरीवर बसले आणि दसऱ्याला घरी आले. पुढे दरवर्षी तेच. एकदा गल्लीतल्या एका नव्या सुनेने विचारलं, हे कोणत्या शास्त्रात आहे? माझ्या सासूबाई, ज्या पहिल्या वर्षी सर्वांत जास्त चिडल्या होत्या, ठसक्यात म्हणाल्या, “आमच्यात असंच रायते वं. पयल्यापासून.”

मामी मराठी शिकल्या त्या भांडी घासणाऱ्या बाईकडून. मी सुधीरला ‘मले’ म्हटल्याबद्दल रागवायची आणि त्याच वेळी कुंपणापलीकडून मामी मामांना खडसावत असायच्या, “मले काहून नाही सांगितलं?” माझ्या शिकवणीचं त्यांनी पार वाटोळं केलं.

यंदा तान्ह्या पोळ्याआधी मामा एकटेच परतले. सुतकातलं घर, म्हणून मी गल्लीतल्या मुलांना तिकडे जाऊ नका असं बजावलं होतं. पण ऐकतील ती पोरं कसली! थोड्या वेळाने ती रिकाम्या हातांनी माझ्याकडे आली. मामांनी बैल आत घेऊन दार लावलं होतं. त्यांच्या घरी इतकी वर्षं तशीच रीत. मुलांची तक्रार मात्र वेगळीच. “काकू, सुंडल अळणी हाय.”

सुधीर आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. त्याचा बैल मीच काखेत घेतला आणि गेले. मामांनी सगळे बैल जमिनीवर ओळीने ठेवले होते. “ताई, यंदा पायऱ्या नाहीत. हे कुठे ठेवू?” त्यांनी विचारलं.

“राहू द्या खालीच,” मी म्हटलं आणि वडिलांचा बैल त्यांच्या शेजारी ठेवला.

मामांनी माझ्याही हातात वाटी दिली. मी एक घास खाल्ला आणि सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवून हाक मारली, “मामी, मीठ…”

मामा उठले आणि आत जाऊन एकेक डबा उघडून पाहू लागले. मिठाची बरणी कुठे असते, ते मलाच माहीत होतं.