माझ्याकडं तर कधी बंद पडली नाय

गाडी आम्ही दोन घरांनी मिळून घेतली होती. एक घर आमचं, दुसरं शेजारच्या भाईंचं. जुन्नरच्या पेठेत भाईंचं बांगड्यांचं दुकान आहे, पण आठवड्याचे बाजार त्यांनी अजून सोडलेले नाहीत. आज ओतूर, उद्या नारायणगाव, मग कळंब. बांगड्यांच्या पेट्या मोटरसायकलला बांधून नेताना खड्ड्याखड्ड्याला माल फुटायचा. माझी अडचण वेगळी होती. मी जुन्नरमध्येच शाळेत शिकवते, आणि माझे वडील घाटघरला एकटे राहतात. आई गेल्यावर आम्ही पुष्कळ समजावलं, पण ते खाली यायला तयार झाले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्याकडे निघते, रविवारी संध्याकाळी परतते. एसटी कधी असते, कधी नसते. आमचे हे चाकणला कंपनीत, त्यांची पाळी कुठली हे त्यांनाच आठवडाभर आधी माहीत नसतं.

मिळून गाडी घ्यायची कल्पना भाभींची, म्हणजे भाईंच्या बायकोची. एकदा भिंतीपलीकडून त्या म्हणाल्या, "तुमाला शनिवार-रविवार पायजे, आमाला बाकीचे दिवस. रविवारी जुन्नरचाच बाजार, तवा ह्यांना गाडी लागतच नाय. दोन घरांची एक गाडी झाली म्हणून काय झालं?"

भाईंनी एक जुनी डिझेल गाडी शोधून काढली. "डिझेलचीच बरी, ताई. माल भरा, चढ लागू द्या, दम सोडत नाय." मी चाळिशीत गाडी शिकले ती हीच. भाईंनीच शिकवली. रविवारी परत येताना पंप माझ्या वाटेवर लागतो, म्हणून टाकी फुल करून गाडी त्यांच्या दारात लावायची आणि किल्ली भाभींच्या हातात द्यायची, असं ठरलं. चहा झाल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत.

काही महिने उत्तम गेले. मग एका शनिवारी आपटाळे गाव मागे टाकून चढाला लागले, आणि गाडीने दोन-तीन आचके दिले. ॲक्सिलरेटर दाबला तर उलट आणखी मरगळली आणि बंद पडली. स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही पकडत नव्हतं. मी भाईंना फोन लावला. ते म्हणाले, थोडं थांबा, मग मारून बघा. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या वळणापर्यंत नीट चालली आणि पुन्हा बसली. असं करत करत मी घाटघरला पोचले तेव्हा वडील ओट्यावर उभे होते. नजर अधू झाली होती, पण कान शाबूत. म्हणाले, "आज गाडीचा आवाज तुकड्या-तुकड्यानं आला."

सोमवारी भाईंनी गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, गावातून चक्कर मारली. गाडी सुरेख चालली. आठवडाभर भाईंनी बाजार केले, एकदाही काही झालं नाही. शनिवारी माझ्या हातात आली आणि चढावर बंद पडली.

मग इंजेक्टर तपासून झाले. मग इंजिनाचा डिझेल-पंप काढून नारायणगावला पाठवला, तो काहीही दोष नाही असं ऐकून परत आला. एक नळी जुनी दिसली म्हणून तीही बदलली. प्रत्येक वेळी सोमवारी काम व्हायचं, मंगळवारी-बुधवारी भाई आनंदात असायचे आणि शनिवारी मी रस्त्याच्या कडेला चाकाला दगड लावून बसलेली असायचे. माणसं थांबायची. पाणी द्यायची, धक्का मारू का विचारायची. एकाने तर बोनेट उघडून आत डोकावून बघितलं, बंद केलं आणि "अवघड हाय" एवढंच बोलून निघून गेला.

भाई वाईट माणूस नाहीत. पण त्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार यायला लागलं. "माझ्याकडं तर कधी बंद पडली नाय." आधी ते आश्चर्याने म्हणायचे. नंतर त्यातलं आश्चर्य गेलं. एकदा म्हणाले, "ताई, चढाला तुमी गिअर उशिरा टाकत असाल. इंजिन गुदमरतं मग."

"तुम्हीच शिकवलंत ना गिअर टाकायला?"

"शिकवलं. पण वापर ज्याचा त्याचा आसतो."

मलाही राग आला. मी म्हटलं, "तुम्ही पेट्यांवर पेट्या लादता, कुठल्या तरी बाजारात ड्रममधलं डिझेल घेत असाल, त्याचं मी भोगते."

"ड्रमातलं? टाकी तर तुमीच भरून देता," भाई म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

त्यानंतर बोलणं कमी झालं. किल्ली भाभींच्या हातात देण्याऐवजी मी त्यांच्या दारामागच्या खिळ्याला अडकवायला लागले. चहाला कुणी थांबवत नव्हतं, मीही थांबत नव्हते. भाभी भिंतीपाशी दिसल्या तर दोघी कपडे वाळत घालण्यात गुंतल्यासारखं करायचो. आमचे हे म्हणाले, सोडून दे, वाटा त्यांना देऊन टाक. पण मग वडिलांकडे जायचं कसं? आणि खरं सांगायचं तर, मला गाडी चालवता येत नाही असं ठरून मी ती सोडावी, हे मला सहन होणारं नव्हतं.

अशातच वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाले. दोन वर्षं मागे लागले होते मी. पाटातून पाणी सोडताना त्यांनी स्वतःच्याच पायावर कुदळ मारून घेतली, जखम वरवरची होती, पण त्याने जे झालं ते माझ्या बोलण्याने झालं नव्हतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी शुक्रवार दिला. शुक्रवार भाईंचा. वडिलांचं मन पुन्हा फिरायच्या आत त्यांना आणणं भाग होतं, म्हणून मी दुकानात गेले.

भाई गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरत होते. मी कारण सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. शेवटची बांगडी बसल्यावर म्हणाले, "गाडी न्या. पण चालवणार मी. या खेपेला बघूच."

"बघा ना," मी म्हटलं.

सकाळी लवकर निघालो. पंपावर ट्रॅक्टरची रांग होती. भाई म्हणाले, काटा पाव टाकीच्या आसपास आहे, पुरतंय, येताना भरू. जाताना गाडी एकदाही अडखळली नाही. प्रत्येक चढ पार झाला की भाई माझ्याकडे न बघता आरशात बघायचे, आणि मला ते जास्तच लागायचं. घाटघरला वडील धुतलेला सदरा घालून तयार होते. त्यांना मागे बसवलं आणि परत निघालो.

चावंडच्या अलीकडे एक चढ आहे. तिथे गाडीने पहिला आचका दिला. भाईंनी गिअर बदलला, अगदी वेळेवर. दुसरा आचका. त्यांनी पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. गाडी कडेला गेली आणि शांत झाली.

वडिलांना दवाखान्यात पोचवायचं होतं, डॉक्टर वाट बघत असणार होते. मला काळजी वाटायला हवी होती. पण मला जो आनंद झाला तो मी लपवू शकले नाही, म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

मागून वडिलांनी विचारलं, "थांबली का?"

"थांबली."

"कोण चालवतंय? तू का भाई?"

"भाई."

"मंग तुझी चूक न्हाई," वडील म्हणाले. दर शनिवारी मी त्यांच्याजवळच तर मन मोकळं करायचे. भाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मग ते एकाएकी हसायला लागले. स्टिअरिंगवर कपाळ टेकवून हसले. मीही हसले. वडिलांना कशाचं हसू ते कळलं नाही, पण त्यांनी दार उघडलं आणि पाय मोकळे करायला उतरले.

भाईंनी बोनेट उघडलं. फिल्टरजवळ हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो, त्याने टाकीतून डिझेल वर ओढता येतं. त्यांनी तो दाबला. फुगा आत गेला तो परत फुगेचना. "मागनं तेलच येत नाय," ते म्हणाले. "वाटेत काय तरी आडवं हाय." थोडं थांबलो. फुगा हळूहळू आपोआप भरला. गाडी सुरू झाली, थोडी चालली, पुन्हा बंद. पुन्हा थांबलो. या खेपेला भाईंनी बोनेट उघडलं नाही. ते बोनेटला टेकून माझ्याकडे वळले.

"ताई, शनिवारी गाडी तुमच्याकडं येती तवा काटा कुठं आसतो?"

"खाली. आठवड्याचे बाजार झालेले असतात ना तुमचे. मी रविवारी येताना भरते."

"आन् मला सोमवारी फुल मिळती." त्यांनी बोटाने टाकीकडे दाखवलं. "मिस्त्रीकडं पण मी सोमवारीच न्यायचो."

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. टाकीत काहीतरी होतं. डिझेल भरपूर असताना ते कुठेतरी तरंगत राहायचं आणि पातळी खाली गेली की नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटायचं. गाडी बंद पडली, ओढ थांबली, की सुटायचं. आमच्या ठरावानेच ते दर वेळी माझ्या वाट्याला आलं होतं.

"पहिल्या दिवशीच तुमच्या संगं आलो आसतो तर," भाई म्हणाले.  मग म्हणाले, "गिअरचं बोललो ते मनात ठिवू नका."

"ड्रमचं मीही बोललेच की."

वडील झाडाखालून ओरडले, "भांडून झालं आसंल तर चला. डाक्टर जेवायला जाईल."

थांबत थांबत जुन्नर गाठलं, तिथे टाकी काठोकाठ भरली आणि नारायणगावपर्यंत गाडी एकदाही कुरकुरली नाही. आम्हाला उशीर झाला होता. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सगळ्यात शेवटी वडिलांना आत घेतलं. भाई तोवर बाहेरच्या बाकावर बसून होते. मी म्हटलं, तुम्ही जा, दुकान बंद आहे. ते म्हणाले, आज बंदच आहे, तर बंद राहू दे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने टाकी उतरवली. तो नाराज होता, कारण हे आधी करायला हवं होतं हे त्यालाही कळत होतं. डिझेल काढून टाकी पालथी केली, हलवली, तेव्हा तोंडातून एक चंदेरी चकती बाहेर आली. इंजिन साफ राहावं म्हणून डिझेलमध्ये टाकायचं जे औषध मिळतं, त्याच्या डब्याच्या झाकणाखाली जो पातळ पत्रा असतो, त्याची. डबा फोडताना कुणाच्या तरी हातून ती आत पडली असावी. भाईंनी असलं औषध कधी आणलं नव्हतं, मी तर त्याचं नावही ऐकलं नव्हतं. म्हणजे गाडी आमच्याकडे आली तेव्हापासूनच ती आत असणार, पहिले काही महिने कुठेतरी कोपऱ्यात चिकटून.

भाई ती घेऊन घरी आले आणि भाभींना दाखवली. भाभींनी ती उलटसुलट बघितली. "ह्याच्यासाठी तुमी दोघं तोंड फिरवून बसला व्हता?" असं म्हणून त्यांनी ती केरात टाकली आणि मला म्हणाल्या, "बसा. चहा टाकती."

वडील आठवडाभर आमच्याकडे राहिले. डोळ्यावरची हिरवी पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा गाडी बघून म्हणाले, "ही तर पांढरी हाय. मला वाटलं राखी." मग घाटघरला सोडायला मी एकटीच त्यांना घेऊन गेले. चढ लागला की माझे हात स्टिअरिंगवर आवळले जायचे, आणि पुढचे कित्येक शनिवार ते तसेच आवळले जात राहिले. दुरुस्त झालेली गाडी आणि भरवशाची गाडी यांत बरंच अंतर असतं.

पुढे तिने इतर त्रास दिले. थंडीत सकाळी सुरू व्हायला नखरे करायची, एकदा डिझेलची नळी गळायला लागली आणि बांगड्यांच्या पेट्यांना महिनाभर वास येत राहिला. पण काहीही झालं की आम्ही दोघं आधी एकत्र चक्कर मारायचो, मग बोलायचो.

शेवटी भाईंनी छोटा टेम्पो घेतला आणि गाडी विकायचं ठरलं. मंचरकडून एक जण बघायला आला. त्याने विचारलं, "काय त्रास देती का?" भाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही आळीपाळीने सगळं सांगितलं. तो ऐकून घेत उभा राहिला. सांगून संपल्यावर म्हणाला, "एवढं कुणी सांगत नाय, राव," आणि किल्ली मागितली.