निळी पट्टी आणि शेवटचा वाफा

रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर पडायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत. नाशिककराला याचं कारण सांगावं लागत नाही. पण गेली काही वर्षं नवरा आणि मुलगी दोघंच जातात. मी जेवणाच्या टेबलाशी फोन चार्जिंगला लावून, कानात इअरफोन घालून लढाईला बसते. नवरा चपला घालताना विचारतो, "महायुद्ध कितीपर्यंत चालेल? पार्सल त्या अंदाजानं आणतो." मी हात हलवून त्याला घालवून देते.

मी पंचेचाळिशी ओलांडलेली बाई आहे. एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळते. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मला जरा दबकून असतात, कारण माझ्या तोंडाला लागून कुणाचं भलं झालेलं नाही. हीच बाई रविवारी हिरवा झगा घालून, हातात कंदील घेऊन जंगलातून पळत असते आणि जखमी माणसांना बरं करत असते, हे त्यांना कळलं तर माझा उरलासुरला धाक संपेल.

खेळ सोपा आहे. आपले पाच, समोरचे पाच. त्यांचा किल्ला आपण पाडायचा, आपला त्यांनी. प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी, ती जिवाची. माझ्या कंदीलवालीच्या डोक्यावर तिच्याखाली आणखी एक निळी पट्टी असते, ती शक्तीची. कुणाची जखम भरायची तर ती थोडी खर्च होते. कुणाभोवती ढाल उभी करायची तर जरा जास्त. आणि सगळ्यांना एकदम उठवायचं तर जवळजवळ अर्धी जाते. नुसतं थांबलं तरी ती हळूहळू आपोआप भरत राहते. घाई असेल तर एक बटण आहे. ते दाबून क्षणभर हलायचं नाही, कुणी मारलं नाही तर माणूस थेट आपल्या किल्ल्यात पोचतो आणि तिथं सगळ्या पट्ट्या काठोकाठ भरतात.

हा खेळ मला माझ्या धाकट्या बहिणीनं शिकवला. ती कॅनडात असते, नवऱ्याबरोबर. आमच्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा तिच्याकडे शनिवारची संध्याकाळची जेवणं आटोपत असतात. ती गेली तेव्हा आम्ही रोज फोनवर बोलायचो. मग आठवड्यातून एकदा, मग सणावारी. आणि बोलणं तरी काय? जेवलीस का, थंडी किती, आईचे गुडघे कसे आहेत. दोन बहिणींनी इतकं सभ्य बोलायला लागावं याचं मला भारी दुःख व्हायचं. पाच वर्षांपूर्वी ती येऊन गेली, तेव्हा परत निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि त्यात हा खेळ घालून दिला. म्हणाली, "ताई, बोलायला काय नाय राहिलं आपल्याकडं. निदान भांडू तरी."

आणि खरंच भांडायला लागलो. तिचा गडी म्हणजे दोन कुऱ्हाडी घेतलेला एक दाढीवाला. त्याला निळी पट्टी नाहीच. त्याची पट्टी लाल, रागाची. तो मारतो आणि मार खातो तेव्हा ती भरते; उभा राहिला की ओसरते. थोडक्यात, माझी शक्ती थांबल्यानं वाढायची आणि तिची भिडल्यानं. ज्यानं कुणी हा खेळ केला, त्यानं आम्हा दोघींना लहानपणी पाहिलं असावं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आमचं माहेर सायखेड्याचं. नदीवर मोटर, तिथून पाट, पाटातून वाफ्यांना पाणी. शाळेला सुट्टी असली की दारं धरायचं काम आम्हा दोघींकडे. दारं धरायचं म्हणजे एकीनं फावडं घेऊन पाटाशी उभं राहायचं. वाफ्याच्या तोंडाची माती ओढली की दार मोडलं, पाणी आत. वाफा भरला की ते दार बांधायचं आणि पुढचं मोडायचं. मी थोरली, म्हणून फावडं माझ्याकडे. धाकटी वाफ्याच्या पार शेवटाला. पाणी तिच्या पायाला लागलं की तिनं ओरडायचं, "भरलं!" नाही पोचलं तर, "नाय भरलं अजून, सोड!" मका डोक्याच्या वर गेलेला असला की आम्ही एकमेकींना दिसायचोच नाही. सगळा कारभार आवाजावर.

माझं लक्ष मात्र कायम शेवटच्या वाफ्याकडे. लाइट कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि लाइट गेली की मोटर बंद. मग शेवटचे वाफे कोरडेच राहायचे. म्हणून मी पहिल्यापासून हात आखडायची. तिनं "भरलं" म्हणायच्या आधीच दार बांधून पुढं सरकायची. ती मक्यातून कोकलायची, "ताई, नाय भरलं, नाय भरलं," आणि मी ऐकूच आलं नाही असं दाखवायची. एकदा असंच सगळं वाचवत वाचवत शेवटपर्यंत गेले आणि त्या दिवशी लाइट गेलीच नाही. शेवटचा वाफा तुडुंब भरला, बांध फुटला आणि पाणी खालच्या ओढ्याला लागलं. मागचे सगळे वाफे अर्धे. वडील आले, बघितलं, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "ही पोरगी उद्याच्या भाकरीपायी आजचं पीठ ओलं करीना." मग त्यांनीच फावडं घेतलं. धाकटी दिवसभर दात काढत होती.

खेळात माझी हीच खोड लगेच तिच्या ध्यानात आली. पुढं मोठी लढाई होईल, तेव्हा लागेल, म्हणून मी निळी पट्टी राखून ठेवायची. तिचा दाढीवाला चौघांत सापडलेला, आणि मी झाडामागे कंदील धरून उभी. "ताई, सोड की!" ती तिकडून ओरडायची. मी म्हणायची, "थांब, अजून मोठं संकट यायचंय." ते येईपर्यंत ती मेलेली असायची, तिच्यामागोमाग मी. खेळ संपल्यावर बघावं तर माझी पट्टी काठोकाठ. तिनं एकदा मला शिकवणीच घेतल्यासारखं समजावलं. "हे बघ, तुझी पट्टी आपोआप भरतीय ना? मग भरलेली असताना जी आणखी भरायची ती जाती कुठं? ओढ्याला. तुला वाटतं तू साठवतीय, तू वाया घालवतीय." मला पटलं. पण पटणं वेगळं आणि हात सुटणं वेगळं.

तरी त्या रविवारांनी मला जगवलं हे खरं. तिच्या आवाजातली ती जुनी कोकलण, तो हट्ट, तो लय-नाय, हे सगळं परत आलं होतं. तिकडं तिला असं बोलायला कोण होतं? किल्ल्यात परत नेणारं ते बटण दाबून उभी असताना ती एकदा म्हणाली, "खऱ्यात असं बटण पाहिजे होतं. दाबलं की सायखेडा." मी हसले. हसण्यावारी नेलं म्हणा. "ये ना गं" हे तीन शब्द त्या वेळीही माझ्या तोंडाशी आले होते. पण मी ते काढत नसे. थोरल्या बहिणीनं ये म्हटलं तर त्याचं वजन पडतं. तिला तिचा संसार, मुलाची शाळा. उगीच जीव तुटायला नको. आईला खरंच काही झालं, अगदीच गरज पडली, तर म्हणू, असं मी ठरवून ठेवलं होतं.

यंदा थंडीतल्या एका रविवारी खेळ ऐन रंगात असताना ती सहज म्हणाली, "ताई, यांच्या कंपनीनं विचारलंय, पुण्याच्या ऑफिसात जाता का म्हणून. कायमचं. लवकरच सांगायचंय. आम्ही बहुतेक नाय म्हणू."

माझं काळीज इतकं जोरात उडालं की बोट भलत्याच बटणावर पडलं. पुणं म्हणजे एका एसटीचा प्रवास. मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण असं लढाईच्या गडबडीत नको, नीट विचार करून, चांगल्या शब्दांत, पुढच्या रविवारी बोलू, असं मी मनाशी म्हटलं. तिला म्हणाले, "बरं. तू आधी मधल्या रस्त्यावर लक्ष दे." ती देते म्हणाली आणि तो खेळ आम्ही जिंकलो.

आठवडाभर मी शब्द जुळवत होते. शनिवारी सुट्टी होती, सायखेड्याला गेले. आई ओट्यावर उन्हात बसली होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग सांग की तिला, ये म्हणावं. माझं नाय ऐकायची ती, तुझं ऐकंल." मी म्हटलं, उद्या सांगणारच आहे. मग रानात गेले. शेती आता भाऊ बघतो, त्यानं सगळीकडे ठिबक केलं आहे. तो एक कॉक फिरवतो आणि येऊन मोबाइल बघत बसतो. पीक उत्तम आहे, पाणी वाचतं, मी काही नावं ठेवणार नाही. पण पाटाच्या जागी नुसता कोरडा चर राहिला आहे, आणि इतक्या मोठ्या रानात कुणी कुणाला हाक मारत नाही. मी बांधावर उभी राहिले आणि मला माझी बहीण हवीशी वाटली. कॅनडातली नाही, मक्याच्या पलीकडची.

रविवारी नवरा आणि मुलगी निघून गेली. खेळ सुरू झाला. मी तरीही लगेच बोलले नाही. स्वभाव जात नाही. मधेच आम्ही दोघी किल्ल्यात परतलो, शेजारी शेजारी उभ्या होतो, माझी पट्टी भरत होती, तेव्हा म्हणाले, "अगं, ते पुण्याचं. हो म्हणा. या तुम्ही. मला तू इथं पाहिजेस." जुळवलेले चांगले शब्द त्यात एकही नव्हते.

तिचा दाढीवाला उभा, त्याची लाल पट्टी ओसरत ओसरत संपली.

"ताई," ती म्हणाली, "शुक्रवारीच कळवलं आम्ही. नाय म्हणून."

मी म्हटलं, "इतक्या लवकर?"

"तुला सांगितलं होतं ना मागच्या रविवारी. तुला का सांगितलं असं वाटलं तुला? हे म्हणत होते, तुझ्या ताईचं काय म्हणणं आहे बघ. मी थांबले होते ऐकायला. तू म्हणलीस, मधल्या रस्त्यावर लक्ष दे." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुमचं सगळं बसलंय तिकडं आता माझ्यावाचून."

मला तिचा रागही आला. तिनं तरी सरळ का विचारलं नाही? लाल पट्टीवाली ना ती? पण राग धरून किती धरणार. मी टेबलावर डोकं टेकून रडले, इअरफोन तसाच कानात. खेळातले बाकीचे तिघं अनोळखी, ते खाली वाटेल ते लिहीत होते. शत्रू आमच्या दारात आला होता.

"ताई, भिंत पडतीय," ती म्हणाली. तीही रडत होती, तिचं नाक चोंदलेलं मला ऐकू येत होतं. "चल, सोड आता."

मी सगळं सोडलं. ढाल, जखमा भरणं, सगळ्यांना उठवणं, पुन्हा ढाल. काही राखलं नाही. तिचा दाढीवाला मरता मरता चार वेळा उठला. तरी आम्ही हरलो. किल्ला कोसळला तेव्हा माझी पट्टी पहिल्यांदाच रिकामी होती.

नवरा पार्सल घेऊन आला. माझा चेहरा बघून त्यानं तर्री गरम करायला ठेवली.

कंपनी परत विचारेल का, कुणालाच माहीत नाही. विचारलं तर दोनेक वर्षांनी, असं ती म्हणते. पण आता रविवारी फोन जोडला की गडी निवडायच्याही आधी मी पहिलं तेच म्हणते, "ये गं. कधी येतेस?" वजन पडायचं तर पडू दे. परवा म्हटलं तेव्हा ती तिकडून, मक्यातून ओरडावं तशी ओरडली, "नाय भरलं अजून, सोड."

मी पुन्हा म्हटलं, "ये."